लाल नाक: स्पंज, प्लॅस्टिक की लेटेक्स?

ऑनलाइन शोधलं की विदूषकाच्या लाल नाकाचे ढीगभर पर्याय समोर येतात, पण मुळात प्रकार तीनच: स्पंजचा गोळा, इलॅस्टिक लावलेली प्लॅस्टिकची वाटी आणि साच्यात काढलेलं पातळ लेटेक्सचं (रबराचं) नाक. फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो कलाकार प्रयोगात धाडकन तोंडावर आपटतो तेव्हा.

हे नाक कुठल्या विदूषकाचं, तेही आधी बघा. पॅरिस गाजवणाऱ्या फ्रातेलिनी या विदूषक बंधूंमध्ये फ्रांस्वा पांढऱ्या चेहऱ्याचा, झकपक आणि शहाणा. अल्बेर हा ‘ऑगस्ट’, म्हणजे सगळे घोळ घालणारा. मोठं लाल नाक ऑगस्टचं. तुमचं पात्र पांढऱ्या चेहऱ्याचं असेल तर हे पैसे वाचवा. (आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचं तर नाकावाचून कधीच अडलं नाही.) 1956 मध्ये पॅरिसला नाट्यशाळा काढणारे जाक लकॉक या नाकाला जगातला सर्वांत छोटा मुखवटा म्हणत. मुखवटा म्हटला की तो जागचा हलता कामा नये आणि खेळ चालू असताना सावरायला हात लावायचा नाही. याच कसोटीवर तिन्ही नाकं तोलली आहेत.

स्पंजचं नाक साधारण 5 सेंटिमीटर व्यासाचं, मागे चीर दिलेलं. ते नाकपुड्या चिमटीत धरूनच टिकतं. त्यामुळे आवाज गेंगाणा होतो, आणि दोन कोलांट्यांनंतर धाप लागली की तोंडाने श्वास घ्यावा लागतो. घाम पिऊन स्पंज जड होतो आणि ओघळतो. चीर वाढवली तर श्वास मोकळा होतो, पण पकड जाते. वाढदिवस, स्नेहसंमेलन, फोटो एवढ्यापुरतं ठीक. एकाने घातलेलं दुसऱ्याला देऊ नका.

प्लॅस्टिकच्या वाटीची चकाकी शेवटच्या रांगेतूनही दिसते, पण कड बोचते. घेतलीच असेल तर कड 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आतून फेल्टची पट्टी चिकटवा आणि खालच्या बाजूने श्वासासाठी 5 मिलिमीटरची दोन भोकं पाडा. इलॅस्टिक कानांच्या वरून न्या. फार घट्ट बांधलं तर वाटी डोळ्यांकडे चढते. सैल ठेवलं तर ‘डबल टेक’ला, म्हणजे आधी सहज बघून मग दचकून पुन्हा वळून बघताना, घात होतो. मान झटक्यात मागे वळते, नाक मात्र तिथेच राहतं आणि गालावर जाऊन बसतं. प्रेक्षक हसतात, पण चुकीच्या जागी. एवढी डागडुजी करूनही पडझडीच्या खेळात ही वाटी नकोच: तोंडावर पडलात तर कड थेट नाकाच्या हाडावर बसते.

आमची पसंती लेटेक्सला. वजन नगण्य, दाबलं तर दबतं, कडेला पातळ होत गेल्यामुळे सांधा रंगाखाली लपतो. घेताना खालची बाजू उघडी आहे ना, बघा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर सिलिकॉनचं घ्या.

हे नाक चिकटवायला स्पिरिट गम, म्हणजे रंगभूषेत वापरतात तो कातडीवर लावायचा गोंद, लागतो. आदल्या दिवशी त्याचा एक ठिपका हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज किंवा लाली आली तर इलॅस्टिकवरच भागवा. नाक चेहरा रंगवण्याआधी लावायचं, कारण तेलकट रंगावर गोंद धरत नाही. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, नाकाच्या आतल्या कडेला गोंदाचा पातळ हात द्या, बोटाने टपटप करत तो चिकट होऊ द्या आणि मग दाबून धरा. नवखे इथेच घाई करतात. गोंद ओला असताना लावलेलं नाक घाम फुटला की सरकू लागतं.

प्रयोगानंतर ओढून काढू नका, कातडी सोलते. स्पिरिट गमच्या रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कडेखालून हळूहळू फिरवा. रंग उतरवायला खोबरेल उत्तम, पण नाक बाजूला ठेवल्यावरच. तेलाने लेटेक्स फुगतं, चिकट होतं आणि फाटतं. नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, टाल्कम लावून उन्हापासून लांब ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ओलसर नाक बंद डबीत ठेवलं की आतून बुरशी धरते. अशा नाकावर पुन्हा रंग चढवत बसू नका, सरळ टाकून द्या.