म्युनिकचे स्कीबाझार: स्की जुनी चालेल, बूट मात्र नवेच घ्या

ऑक्टोबर लागला की म्युनिक आणि आल्प्सच्या पायथ्याच्या गावांमध्ये शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्कीबाझार भरू लागतो, तो नोव्हेंबरअखेरपर्यंत. गावातला स्कीक्लब शाळेचा हॉल घेतो, लोक आपले जुने सामान किमतीची चिठ्ठी लावून आणून देतात, मग विक्री होते आणि न खपलेले सामान मालक परत नेतात. विकल्या गेलेल्या मालावर क्लब काही टक्के कापून घेतो. जर्मनीत नव्याने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाने पहिल्या हिवाळ्यात स्की शिकायचे ठरवले की ऑफिसातले सहकारी हमखास सांगतात, बाझारात जा. सल्ला अर्धा बरोबर आहे. स्कीसाठी बाझार उत्तम, काठ्यांसाठी त्याहून उत्तम, बुटांसाठी वाईट आणि हेल्मेटसाठी अजिबात नको.

आधी हिशेब. म्युनिकजवळच्या ब्राउनेक, श्पिट्झिंगझे किंवा झुडेलफेल्डसारख्या स्कीच्या ठिकाणी एका दिवसासाठी स्की, बूट आणि काठ्या भाड्याने घेतल्या तर साधारण ३० ते ४० युरो जातात. हिवाळ्यात सहा फेऱ्या झाल्या तर दोनशेच्या आसपास. बाझारात पाच-सहा वर्षे जुनी, बरी जोडी बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीवर अडकवणाऱ्या पकडीसकट, ६० ते १२० युरोंत मिळते. पण चिठ्ठीवरची किंमत ही खरी किंमत नव्हे. स्कीच्या लोखंडी कडांना धार लावणे, तळाची डागडुजी आणि वॅक्स यांचे ३० ते ४५ युरो, बाइंडिंग बसवून तपासून घेण्याचे १५ ते २५ आणि नव्या बुटांचे १५० ते २५० धरा. ९० युरोंची जोडी बर्फावर उतरेपर्यंत साडेतीनशेच्या घरात जाते आणि दोन हिवाळ्यांत वसूल होते. वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल तर सरळ भाड्याने घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

स्कीच्या शेपटीजवळ किंवा बाइंडिंगच्या पुढे बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात, समजा १२१-७४-१०६, आर १३. पहिले तीन आकडे टोकाची, कंबरेची आणि शेपटीची रुंदी सांगतात, मिलिमीटरमध्ये. शेवटचा आकडा वळणाची त्रिज्या सांगतो, मीटरमध्ये. नवशिक्याला यंत्राने सारखे केलेल्या उतारावर शिकायचे असते, म्हणून कंबर ६८ ते ८० मिमी आणि त्रिज्या ११ ते १५ मीटर हा टप्पा धरावा. ९५-१०० मिमी कंबरेच्या स्की खोल भुसभुशीत बर्फासाठी असतात. कडक उतारावर त्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतात आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच चुकते आहे. स्की उभी धरली की तिचे टोक हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये यावे. १७० सेंमी उंचीच्या माणसाला १५० ते १६० सेंमी पुरे. वजन जास्त असेल तर वरचा आकडा, कमी असेल तर खालचा. टोक किंचित आधीच उचललेले असेल, म्हणजे रॉकर असेल, तर वळण सुरू करणे सोपे जाते. नावात ‘रेस’, ‘एसएल’, ‘जीएस’ दिसले की ती जोडी ठेवून द्या. अशा स्कीमध्ये बहुधा धातूचे पत्रे असतात, वेग आणि जोर असल्याशिवाय त्या वाकत नाहीत.

दहा युरोंत १९० सेंमीच्या सरळसोट स्कीही कोपऱ्यात उभ्या दिसतील. कंबर आत घेतलेल्या आकाराची एलान कंपनीची एससीएक्स ही स्की १९९३ मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत सरळ स्की मागे पडल्या. आज कोणी त्यांवर शिकू नये, फुकट मिळाल्या तरी.

आता जोडी हातात घ्या. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि खिडकीच्या उजेडाकडे पाहा. टोकाशी आणि शेपटीशी त्या टेकल्या पाहिजेत, मध्ये फट दिसली पाहिजे आणि मुठीत दाबल्यावर ती फट मिटून सोडताच परत आली पाहिजे. रॉकर असेल तर टोके थोडी आधीच फाकतील, पण दोन्ही बाजूंनी सारखी. एका बाजूला उजेड जास्त दिसला तर स्की पिळवटलेली आहे. तिला कोणी सरळ करू शकत नाही.

मग कडा. अंगठ्याच्या नखाची पाठ कडेवर आडवी, हलकेच ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार शिल्लक आहे. न निघाला तरी बिघडत नाही, धार दुकानात लागते. पाहायचे ते हे की लावायला लोखंड उरले आहे का. नवी कड साधारण २ मिमी जाडीची असते आणि प्रत्येक घासणीत झिजते. बाजूने पाहताना ती मिलिमीटरभरही राहिलेली नसेल तर पुढच्या दोन सर्व्हिसमध्ये ती संपते. भाड्याच्या दुकानांतून निघालेल्या स्कींची हीच अडचण. हंगामात अनेकदा घासलेल्या असल्याने त्या वरून चकचकीत आणि कडेला कृश असतात. नारिंगी गंजाची पातळ साय रबराने निघते, तिला घाबरू नका. काळे खड्डे पडलेला गंज आणि दगडाला आपटून बाहेर आलेली किंवा तुटलेली कड मात्र नको.

तळावरचे उथळ ओरखडे सगळ्याच जुन्या स्कींना असतात. पांढरट, केसाळ दिसणारा तळ म्हणजे वॅक्सविना सुकलेला, गरम वॅक्सने तो सुधारतो. ज्या ओरखड्यात तळाच्या काळ्या थराखालचे लाकूड किंवा फोम दिसतो, तो विशेषतः कडेलगत असेल तर सोडून द्या. तिथून पाणी आत जाते, गोठते, फुगते आणि थर सुटू लागतात. थर सुटलेत का हे कळायला व्हिजिटिंग कार्ड पुरते. टोक, शेपटी आणि बाइंडिंगच्या आजूबाजूला थरांच्या सांध्यावर त्याचा कोपरा टेकवा. कुठेही आत शिरला तर ती जोडी बाद. वरच्या रंगाचे टवके उडालेले असले तर मात्र काही बिघडत नाही.

बाइंडिंगवर जास्त वेळ द्या, स्कीपेक्षाही. पडल्यावर बूट सुटला पाहिजे आणि नको तेव्हा सुटता कामा नये, एवढेच तिचे काम. बूट किती जोराला सुटेल हे दाखवणारा आकडा बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत असतो, त्याला जर्मनीत त्सेट-वेर्ट म्हणतात, इतरत्र डिन सेटिंग. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून काढतात. आयएसओ ११०८८ या मानकात त्याची पद्धत आहे. प्रौढ नवशिक्यांचा आकडा बहुतेकदा ३ ते ६ मध्ये पडतो, म्हणून ३ ते १० पट्ट्याची बाइंडिंग बरी. ४ ते १२ ची बाइंडिंग ५० किलोच्या माणसाला पट्ट्याच्या तळाशी, किंवा त्याच्याही खाली, नेऊन ठेवते. आकडा जास्त झाला तर पाय सुटत नाही आणि गुडघा जातो. कमी झाला तर वळणाच्या मध्येच स्की निघून जाते. स्क्रूड्रायव्हर घेऊन हे घरी करू नका. जुनी स्प्रिंग खिडकीत ४ दाखवत असली तरी प्रत्यक्षात किती जोराला सुटते ते दुकानातले मोजणीचे यंत्रच सांगते.

रुळावर सरकणारी बाइंडिंग मिळाली तर घ्या, ती वेगवेगळ्या लांबीच्या तळव्यांना जुळते. थेट स्कीवर ठोकलेली थोडीच मागेपुढे होते, जास्त फरक असेल तर नवी भोके पाडावी लागतात. आजूबाजूला आधीच भोके बुजवल्याच्या खुणा असतील तर अशी जोडी टाळा. ब्रेकची पट्टी दाबून पाहा, दोन्ही दांड्या वर येऊन आत मिटल्या पाहिजेत आणि सोडताच झटक्यात खाली आल्या पाहिजेत. बाइंडिंग फार जुनी असेल, उत्पादकाने तिचा पाठिंबा बंद केला असेल, तर दुकान ती बसवायला नकार देते आणि तुमची नव्वद युरोंची स्की भिंतीची शोभा होते. चिठ्ठीवर साल नसते. मॉडेलचे नाव फोनमध्ये शोधून ती कधीची आहे ते तिथेच उभ्या उभ्या पाहा.

इथेच नवे बूट आणि जुनी स्की या जोडीतली मोठी खोच आहे. आजचे बहुतेक नवे बूट ग्रिपवॉक तळव्याचे येतात, चालायला सोपे, किंचित वळलेले, आयएसओ २३२२३ प्रमाणे. जुन्या बाइंडिंग सपाट तळव्यासाठी, आयएसओ ५३५५ साठी केलेल्या असतात. बूट त्यात खट्ट करून बसतो, नवख्याला सगळे ठीक वाटते, पण पुढच्या बाजूला तळवा टेकतो ती घसरती पट्टी नीट काम करत नाही आणि सुटण्याचा जोर बदलतो. म्हणून क्रम उलटा करू नका. बूट आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि मग ते पिशवीत घालून बाझारात. बाइंडिंगवर ‘ग्रिपवॉक’ किंवा ‘जीडब्ल्यू’ असे स्पष्ट लिहिलेले पाहा. तसे सापडत नसेल तर सपाट तळवे बदलून लावता येतील असा बूट आधीच निवडा.

बूट नवेच का, तर दोन कारणे. आतले अस्तर पहिल्या मालकाच्या पायाचा आकार घेऊन बसलेले असते. आणि बाहेरचे कवच बहुधा पॉलियुरेथेनचे असते, ते वर्षानुवर्षे माळ्यावर पडून ठिसूळ होते, बाहेरून चकचकीत दिसते आणि थंडीत टाच दाबताच तडकते. माप सेंटिमीटरमध्ये असते: पाऊल २६.५ सेंमी, तर माप २६.५. आतले अस्तर काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंमी, म्हणजे एक ते दोन बोटे जागा राहिली पाहिजे. मग अस्तर घालून, एकच पातळ मोजा घालून बकले लावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे लागतील, गुडघे पुढे झुकवताच मागे येतील. हे असेच हवे. दुकानात पाय सैल, आरामात वाटला म्हणून मोठे माप घेणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक आहे. दुसऱ्या दिवशी अस्तर दबते, टाच उचलली जाते, नडगी पुढच्या काठावर आपटते आणि स्की पायाचे ऐकेनाशी होते. चवडा रुंद असेल तर १०२ ते १०४ मिमी रुंदीचा साचा मागा. कडकपणाचा आकडा, फ्लेक्स, पुरुषांना ७० ते ९०, स्त्रियांना ६० ते ८० पुरे.

हेल्मेटवर ईएन १०७७ छापलेले असते, पण एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून कळत नाही. नवेच घ्या. काठ्या उलट्या धरा, टोकाजवळच्या चाकाखाली मूठ आवळा. कोपर काटकोनात आले की लांबी बरोबर. बाझारात पाच-दहा युरोंत मिळतात.

मुलांचे गणित वेगळे. वर्षात पायाचे माप एक-दोन आकडे वाढते, म्हणून हंगामभराचे भाडे हा चोख पर्याय आहे. स्की आणि बूट एप्रिलपर्यंत तुमच्याकडे, मध्येच पाय वाढला तर अनेक दुकाने बूट बदलून देतात. स्की छाती ते हनुवटी एवढीच. मुलांच्या जुन्या स्की बाझारात ढिगाने येतात आणि त्या फारशा झिजलेल्या नसतात, कारण मूल आधी वाढलेले असते.

पुण्या-मुंबईहून आठवडाभर गुलमर्गला जाणाऱ्यांनी यातले काही विकत घेऊ नये. बाइंडिंगसकट जोडी पाच-सहा किलो, बूट साडेतीन-चार किलो, आणि देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान. भाड्याची स्की घ्या. बुटाची वर सांगितलेली कवच-परीक्षा मात्र तिथल्या दुकानातही करा, तिला पैसे लागत नाहीत.

बाझाराला जाताना रोख रक्कम न्या. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा, मधल्या लांबीच्या, १५० ते १६५ सेंमीच्या स्की पहिल्या तासात संपतात. मालक समोर नसतो, म्हणून किमतीवर बोलणे क्वचितच चालते. क्लबचे स्वयंसेवक मात्र विचारले तर मोकळेपणाने सांगतात, ही जोडी तुला नको म्हणून. खाजगी विक्री असल्याने परतावा सहसा नाही. तेव्हा शंका असलेली जोडी हातातून खाली ठेवा, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात बाझार आहेच. घेतलेली जोडी बुटांसकट त्याच आठवड्यात दुकानात न्या, डिसेंबरमध्ये रांग लागते. वजन सांगताना लाजून दहा किलो कमी सांगू नका आणि पद्धत विचारली तर ‘सावध, हळू’ असेच सांगा. दुकान आकड्यांची चिठ्ठी देते, तिचा फोटो काढून ठेवा. बूट बदलले किंवा वजन बरेच वरखाली झाले तर ती चिठ्ठी रद्द समजून पुन्हा दुकानात जा.