वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की ट्रान्झिस्टरचा?

लातूर-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की वॉल्व्हचा (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे खोलीत आणखी एक शेगडी. ईएल८४ या छोट्या वॉल्व्हच्या जोडीतून चॅनेलमागं जेमतेम १५ वॅट निघतात. म्हणून स्पीकर कमी वॅटमध्येही मोठा आवाज देणारे, ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या पुढचेच हवेत. पण आवाज वाढवला तरी तो एकदम फाटत नाही, हळूहळू गोलसर होतो, सारंगी कानाला टोचत नाही. (वॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हलक्या प्रतीचा निघाला तर मात्र सगळे पैसे पाण्यात.)

ट्रान्झिस्टरवाला तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त वॅट देतो, ढोलकीची थाप घट्ट धरतो, वॉल्व्ह बदलायची कटकट नाही. लाइट सारखी ये-जा करत असेल, घर इन्व्हर्टरवर चालत असेल, तर मी डोळे झाकून हाच घेईन. वॉल्व्हवाला घ्यायचाच असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय कधी वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.