पॅरिसचं स्थलांतर संग्रहालय: दर्शनी भिंतीपासून बघा

पॅरिसला गेलात तर मेट्रोच्या ८ नंबर लाइनने पोर्त दोरेला उतरा आणि राष्ट्रीय स्थलांतर-इतिहास संग्रहालय बघाच. मात्र लगेच आत शिरू नका. ही वास्तू १९३१च्या वसाहत प्रदर्शनासाठी बांधलेली. शिल्पकार जानियोने अख्ख्या दर्शनी भिंतीवर वसाहतींतली माणसं कोरलीत, फ्रान्ससाठी राबणारी, माल वाहणारी. ही भिंत झाकली नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. कारण तिच्याआड आज नेमकी उलट गोष्ट सांगतात: बाहेरून आलेल्यांनीही हा देश घडवला.

ती सांगणं सोपं नव्हतं. २००७मध्ये सरकारने ‘स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख’ अशी जोडी लावून मंत्रालय काढलं, तेव्हा निषेध म्हणून आठ अभ्यासकांनी इथल्या जबाबदाऱ्या सोडल्या. त्याच वर्षी दारं उघडली, तरी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन व्हायला २०१४ उजाडलं.

२०२३मध्ये नव्याने मांडलेलं कायमचं दालन अकरा सालांभोवती फिरतं. पहिलं साल १६८५. त्या वर्षी चौदाव्या लुईने वसाहतींतल्या गुलामगिरीचे नियम घालून देणारा ‘कोद न्वार’ काढला आणि प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्यही काढून घेतलं. लाखाहून जास्त माणसं देश सोडून गेली. मी इतिहास शिकवते, आणि ही सुरुवात मला धाडसी वाटते. कोण आले याच्या आधी कुणाला घालवलं, हे इथे विचारलंय.

१८८९पाशी जरा जास्त थांबा. परदेशी आईबापांचं, पण फ्रान्समध्ये जन्मून तिथेच राहिलेलं मूल सज्ञान झाल्यावर फ्रेंच ठरेल, असा कायदा त्या वर्षी झाला. सैन्याला तरुण हवे होते, हेही त्यामागचं कारण. ‘आपलं कोण’ याची व्याख्या गरजेनुसार कशी हलते, हे वर्गात तासभर बोलूनही इतकं पोचत नाही. १९८३च्या, वंशवादाविरुद्धच्या समतेच्या पदयात्रेचा भागही चुकवू नका. मार्सेयहून निघालेली मोजकी मुलं पॅरिसला पोचली तेव्हा सोबत लाखभर लोक होते.

वाचायला मजकूर बराच आहे, त्यामुळे घाईत जाऊ नका. मुलं कंटाळली तर तळघरात मत्स्यालय आहे, तेही १९३१चंच. स्थलांतरित कुटुंबांनी संग्रहालयाला दिलेल्या वस्तू मात्र त्यांना आवर्जून दाखवा.