कुस्कोतला मुन्या चहा: पिशव्या नकोत, जुडी घ्या

पेरूला निघालात की कोकाच्या चहाबद्दल जो तो सांगतो. मुन्याचं नाव फारसं कुणी काढत नाही, आणि मला तर तोच जास्त आवडला. मुन्या म्हणजे अँडीजच्या उतारांवर आपोआप वाढणारं रानझुडूप, शास्त्रीय नाव मिंथोस्टाकिस मोलिस. पुदिन्याच्याच कुळातलं, पण आपल्या पुदिन्यासारखं लुसलुशीत नाही. काड्या चिवट, पानं बारीक, फुलं पांढरी. पान चुरगळून नाकाशी धरलं की डोकं मोकळं होतं.

हॉटेलातल्या मुन्याच्या पिशव्यांनी माझी निराशाच केली. फिक्कट पाणी आणि वाळक्या गवताचा वास. दुकानातून आणलेलं खोकंही त्याच चवीचं निघालं. वाळवून भुगा केला की यातलं सुगंधी तेल उडून जात असावं.

खरा मुन्या मिळाला कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात, पालेभाज्यांच्या ओळीत. विकणाऱ्या बाईंनी ‘कासेरीता’ (नेहमीच्या गिऱ्हाइकाला मारायची लाडाची हाक) अशी हाक मारली, ताजी जुडी दिली आणि यापा, म्हणजे वरताळा म्हणून चार काड्या घातल्या. पैसे अगदी किरकोळ, पेरूच्या चलनातल्या, म्हणजे सोलच्या, सुट्ट्या नाण्यांत काम झालं. दोन-तीन काड्या कपात, वर उकळतं पाणी, आणि झाकण हवंच. आधी गार झणका, मग ओव्याच्या अंगाने जाणारा हलका कडवटपणा. साखर घालू नका, चव मरते.

कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर जेवण लवकर पचत नाही, त्यात ताटात बटाटा आणि मका. आईला रोज रात्री पोट जड वाटायचं. जेवणानंतर हा चहा घेतल्यावर तिला बरं वाटू लागलं. उंचीमुळे दुखणारं डोकं मात्र यानं थांबलं नाही. त्याला विश्रांतीच हवी.

मला सगळ्यात भावला तो याचा दुसरा उपयोग. इथले शेतकरी साठवणीच्या बटाट्यांमध्ये मुन्याच्या फांद्यांचे थर घालतात, आपल्याकडे धान्यात कडुलिंबाचा पाला घालतात तसे. त्या वासाने बटाट्याला कीड लावणारी पाकोळी (छोटा पतंग) दूर राहते आणि कोंबही उशिरा फुटतात. ज्या डोंगरांत बटाटा पहिल्यांदा लागवडीला आला, तिथेच त्याचा राखणदारही उगवतो, हे कळल्यावर त्या जुडीकडे मी फार आदराने पाहू लागले.

एक गोष्ट मनापासून सांगते. मुन्याच्या तेलात पुलेगोन नावाचं रसायन असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला घातक ठरतं. म्हणून चहा पातळ करा, जेवणानंतर एखादा कप पुरे. तेलाची बाटली पोटात घेण्यासाठी नाहीच. गरोदर बाईने तर चहाही टाळावा. बाजारात कुणी आग्रह केला तरी.