कुपवाडमध्ये बनलेला उपग्रहाचा सांगाडा: एका जॉब वर्क सेवेचे परीक्षण

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्रांच्या) कारखान्याकडून आम्ही क्यूबसॅटचा, म्हणजे छोट्या घनाकार उपग्रहाचा, ॲल्युमिनियमचा सांगाडा करून घेतला. दुसऱ्या एका ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असल्यामुळे मालकांच्या विनंतीवरून कारखान्याचे नाव येथे देत नाही. एरवी येथे पंपांचे आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनतात. रॉकेटच्या कामात वालचंदनगर आणि विक्रोळीचे गोदरेज ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मात्र एकदोन नगांची गरज असणाऱ्या आमच्यासारख्यांचे काम अशा लहान कारखान्यांवाचून अडते.

एका युनिटचा क्यूबसॅट म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर बाजूचा ठोकळा. त्याच्या चार कडांच्या रेल उपग्रह सोडणाऱ्या पेटीत सरकतात, आणि निर्वातात उघडा धातू उघड्या धातूला चिकटून बसण्याचा धोका असल्यामुळे या रेलना हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा कठीण थर चढवण्याची प्रक्रिया, करावे लागते. रुंदीत 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. ड्रॉइंग हातात घेताच कारखान्याच्या प्रमुख कारागिरांनी पहिला प्रश्न विचारला, तो डॉवेल पिनच्या (भाग अचूक जागी बसवणाऱ्या खिळीच्या) 6 मिलिमीटर छिद्रांची मापे कोटिंगच्या आधीची की नंतरची, हा. हार्ड ॲनोडायझिंगचा निम्मा थर धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. त्यामुळे 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थराने छिद्राचा व्यास समोरासमोरच्या दोन्ही बाजू मिळून तेवढाच कमी होतो, आणि आमच्या छिद्रांच्या मापात एकूण 12 मायक्रॉनचाच फरक चालणार होता. छिद्रे झाकून कोटिंग करण्याचा निर्णय मशीन सुरू होण्यापूर्वीच झाला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच चर्चेत होते.

कागदपत्रांची शिस्तही समाधानकारक होती. 6061 टी6 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या ज्या प्लेटमधून भाग कापले, तिचे मटेरियल सर्टिफिकेट आणि लॉट क्रमांक प्रत्येक भागाच्या तपासणी पत्रकावर नोंदवलेला होता. हे भाग कटिंग ऑइल पूर्ण धुऊन, बर (कापताना कडांवर राहणारे धातूचे कण) काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत मिळाले. तेलाचा अंश राहिला तर निर्वातात त्याची वाफ होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर आणि सौर पट्ट्यांवर बसते, एवढे सांगताच त्यांनी धुण्याची पद्धत बदलली, त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

उणिवा स्पष्टपणे सांगायला हव्यात. त्यांच्याकडे सीएमएम (भागांची मापे अचूक मोजणारे यंत्र) नाही, त्यामुळे अंतिम मोजणी बाहेर करावी लागली. कोटिंगसाठी भाग पुण्याला गेले आणि सर्वाधिक विलंब तेथेच झाला. एएस 9100 हे विमान-अंतराळ उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र नसल्याने या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्यांचे थेट काम त्यांना मिळणे अवघड आहे. 2020 मध्ये खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी व प्रोत्साहन देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची घोषणा झाली, 2023 मध्ये अंतराळ धोरण आले, 2024 मध्ये उपग्रहांच्या सुट्या भागांच्या निर्मितीत 100 टक्के थेट परकीय गुंतवणुकीची वाट मोकळी झाली. तरीही प्रमाणपत्राचा आणि मोजणी यंत्राचा खर्च दोन-तीन मशीनच्या मालकाला एकट्याने उचलावा लागतो. सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांनी मिळून सामायिक सीएमएम आणि कोटिंगची सोय उभारावी, असे मला मनापासून वाटते.

दर साध्या जॉब वर्कपेक्षा बराच जास्त आहे, पण सेटिंगचा वेळ आणि नगांची संख्या पाहता तो वाजवी आहे. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते, आणि ती द्यावीच. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक असले, तरी प्रत्यक्षात असे कारखाने थकलेल्या बिलांनीच बेजार होतात. नमुन्याचे एकदोन नग किंवा चाचणीची फिक्स्चर (भाग धरून ठेवणारे साचे) करून घ्यायची असतील, तर हा कारखाना मी निःसंकोच सुचवेन. मोठ्या बॅचसाठी मात्र त्यांच्याकडे सध्या मशीनचा मोकळा वेळ नाही, हे मालकांनी स्वतःहून सांगितले.