एअरगनचा छर्रा आणि बारा बोअरचे छर्रे

मराठीत एअरगनच्या पेलेटला आणि बारा बोअरच्या बंदुकीच्या (शॉटगनच्या) काडतुसातल्या गोळ्यांना, दोन्हींना छर्रेच म्हणतात, म्हणून नव्याने नेमबाजीकडे वळणाऱ्याची गल्लत होते. एअर रायफलमधून एका वेळी एकच पेलेट सुटते. बारा बोअरच्या एका काडतुसातून छऱ्यांचा थवा निघतो.

पेलेट डमरूसारखी असते: पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. हवेचा दाब आला की मऊ शिशाचा हा पातळ घेर फुगून नळीतल्या पीळदार खाचांना चिकटतो. हवा निसटत नाही आणि पेलेटला गिरकी मिळते. व्यास 4.5 मिमी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. 10 मीटरवर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! सपाट डोक्याची पेलेट कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजणं सोपं जातं. डबी हातातून पडली तर घेर चेपतात आणि नेम बरोबर असूनही शॉट भरकटतात. चेपलेल्या पेलेट वापरूच नका. डोक्याचे व्यास 4.49, 4.50, 4.51 असे मिळतात. आपल्या नळीला कुठला मानवतो हे प्रत्येकाच्या पाच-पाच झाडून पाहिल्यावरच कळतं.

बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत. छर्रे गोल आणि अँटिमनी मिसळून कडक केलेले, कारण मऊ छर्रे स्फोटाच्या दाबाने चेपून वाट सोडतात. ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळाच्या, 24 ग्रॅमच्या काडतुसात 2.4 मिमीचे सुमारे 300 छर्रे बसतात. फुल चोक, म्हणजे नळीचं तोंड सर्वात आवळलेलं, असेल तर त्यातले 70 टक्के 36 मीटरवर 75 सेंमीच्या वर्तुळात पोचतात. 110 मिमीची उडती तबकडी फोडायला असा फैलावच लागतो.

काडतुसातला सुटा छर्रा एअर रायफलमध्ये कधीही घालू नका. तो नळीत सैल पडतो, हवा बाजूने निसटते, आणि स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन हवेची उशी न मिळाल्याने पुढे आदळून सील खराब होतं.

पुण्यात सुरुवात करायची तर पेलेटच घ्या. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 बोअरच्या (म्हणजे 4.5 मिमीच्या) आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात 10 मीटरची रेंज आहे. 500 पेलेटच्या डबीत 60 शॉटचे आठ सराव होतात. बारा बोअरला मात्र शहरात पोलीस आयुक्तालयाचा परवाना हवा, काडतुसंही त्यावर नोंदलेल्या मर्यादेतच मिळतात, आणि ट्रॅपच्या 25 तबकड्यांच्या एका फेरीत 50 पर्यंत संपू शकतात.

शिसं दोन्हींत आहे. रेंजवरून निघताना, वडापावला हात लावण्याआधी, साबणाने हात धुवा.