नाणं घशाखाली अडकलं: थांबावं की दुर्बीण?

मुलाने नाणं गिळलंय, एक्स-रेत ते अन्ननलिकेत दिसतंय, पण मूल खुशाल खेळतंय. अशा वेळी डॉक्टर दोन वाटा सांगतात: थांबून पाहायचं, किंवा भूल देऊन दुर्बिणीने, म्हणजे तोंडातून आत घातलेल्या कॅमेऱ्याच्या नळीने, नाणं काढायचं. मात्र लाळ गळत असेल, श्वासाला त्रास असेल किंवा एक्स-रेत गोलाला दुहेरी कडा दिसली, तर निवडायला काही उरत नाही. दुहेरी कडा म्हणजे बहुधा बटण-बॅटरी. ती 2 तासांतही अन्ननलिका जाळते. लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.

पहिली वाट थांबायची. 12 ते 24 तासांनी पुन्हा एक्स-रे. साधारण चारातलं एक नाणं आपसूक पोटात उतरतं आणि पुढे बहुतेक वेळा शी वाटे पडतं. भूल टळते. मूल मोठं असेल, नाणं जठराजवळ असेल, तर मीही थांबेन.

आमची लेक साडेतीन वर्षांची. नाणं रुपयाचं, 22 मिलिमीटरचं, आणि अडकलेलं सगळ्यात वर, गळ्याच्या खळगीमागे. बहुतेक नाणी तिथेच अडकतात आणि तिथून सहजी सुटत नाहीत. तरी भुलीच्या धास्तीने आम्ही थांबलो.

पुढचा सगळा त्रास भुकेचा. कधीही भूल द्यावी लागेल, म्हणून पोट रिकामं हवं; काही खाल्लं की पुढे निदान 6 तास थांबायचं. संध्याकाळी आजीने मायेने अर्धं केळं भरवलं, घासाबरोबर नाणंही उतरेल म्हणून. नाणं उतरलं नाही, उपास मात्र पहिल्यापासून सुरू झाला. रात्री दोनला पोर माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरून “बाबा, भात” म्हणत रडत होती आणि मला तिला पाणीसुद्धा देववत नव्हतं. सकाळच्या एक्स-रेत नाणं तसूभरही हललेलं नव्हतं.

मग दुर्बीण. नाणं निसटून श्वासमार्गात जाऊ नये म्हणून आधी श्वासनलिकेत नळी घालतात आणि चिमट्याने ते वर ओढतात. आम्ही बाहेर पुरते बसलोही नव्हतो, तोवर बोलावणं आलं. दिवसभर घसा दुखला तेवढंच. भुलीचा धोका अगदीच नसतो असं नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना तुमचं मूल माझ्यापेक्षा नीट दिसतंय. पण नाणं वर अडकलेलं आणि मूल लहान असेल, तर मी पहिल्याच संध्याकाळी दुर्बिणीला हो म्हणेन. फक्त भूल देण्याआधी एक एक्स-रे पुन्हा काढायला सांगा. तेवढ्या वेळात नाणं उतरलेलंही असू शकतं.